विशेष मुलासोबत बोरिवलीचं नॅशनल पार्क: घरून निघण्यापासून परत येईपर्यंत

माझ्या मुलासाठी बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणजे मुख्य फाटकापासून दहा-बारा मिनिटांवरचा एक बाक, बाकामागचं ऐनाचं झाड आणि तिथून परत फाटकापर्यंतचा डांबरी रस्ता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान 103 चौरस किलोमीटरहून जास्त पसरलं आहे. आम्ही गेल्या पाच वर्षांत त्यातला जेमतेम एक कोपरा पाहिला, आणि तो कोपरा आता त्याचा आहे. तो अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, मोजकेच शब्द बोलतो. पहिल्यांदा त्याला नेलं तेव्हा सफारी, बोटिंग, कान्हेरीची लेणी असं सगळं एकाच रविवारी करायचं आम्ही ठरवलं होतं. त्या दिवशी तिकीट काढायच्या आधीच आम्ही घरी परतलो. चूक आमच्या बेतात होती.

तेव्हापासून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. अनुभव स्वमग्न मुलाचा असला, तरी थेरपी सेंटरच्या बाहेर बाकावर बसून इतर आयांकडून जे कळत गेलं तेही यात आहे: व्हीलचेअरवरची मुलं, फिट येणारी मुलं, न दिसणारी मुलं.

आधी एकट्याने जाऊन या

मुलाला नेण्याआधी आई-बाबांपैकी एकाने एकट्याने जाऊन यावं. अर्धा दिवस जातो, पण ही पायरी गाळू नका. सोबत वही ठेवा. फाटकापासून बसायची पहिली जागा किती अंतरावर आहे? सकाळी नऊला तिथे सावली असते का? स्वच्छतागृह कुठे, आत भारतीय पद्धतीचं आहे की कमोड, कडी लागते का, नळाला पाणी आहे का? आपल्या मुलांचा अर्धा दिवस या चार प्रश्नांवर ठरतो.

मूल व्हीलचेअर वापरत असेल तर रिकामी व्हीलचेअर ढकलत तो रस्ता चालून बघा. लोक वळून बघतील, बघू द्या. आतला मुख्य रस्ता डांबरी आहे, पण रिकामी खुर्ची ढकलताना जो चढ जाणवत नाही, तिथे वीस-पंचवीस किलोचं मूल बसल्यावर दम लागतो. म्हणून पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी खुर्चीत ठेवा आणि मग ढकला. गतिरोधकावर पुढची लहान चाकं कशी आपटतात तेही कळेल. पाठीला आधार लागणाऱ्या मुलाला ते हिसके सहन होत नाहीत, त्यामुळे गतिरोधकावरून खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाकं आधी न्यायची सवय करा.

फोनवर दोन गोष्टी टिपून आणा. एक, फाटकापासून बाकापर्यंतच्या रस्त्याचा सलग व्हिडिओ, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून. दोन, तिथले आवाज. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर झाडांवरचे सिकाडा नावाचे किडे असे एकसुरात किरकिरतात की मोठ्या माणसालाही बोलणं थांबवावं लागतं. कानांचा त्रास असलेल्या मुलावर हा आवाज अचानक कोसळला तर पुढचं काही होतच नाही. घरी आधी बारीक आवाजात, मग थोडा मोठा करून, त्याच्या हातात बटण देऊन ऐकवला, तर तो आवाज ओळखीचा होतो.

वार, वेळ, ऋतू

सोमवारी उद्यान बंद असतं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या आपल्यासाठी नाहीत. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बस येतात आणि शंभर मुलांच्या एकत्र आवाजात आपलं मूल हरवून जातं. महाशिवरात्रीला कान्हेरीला प्रचंड गर्दी लोटते, तो दिवस आणि त्याच्या आगेमागेचा दिवस टाळा.

माझ्या मते नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार, फाटक उघडल्यानंतरचा पहिला तास सगळ्यांत चांगला. शाळा बुडते ही हरकत घरातून येईल. माझ्याही सासूबाईंनी घेतली होती. पण दीड तासाची शांत सकाळ हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे, असं त्याच्या शाळेतल्या बाईंनीच त्यांना सांगितलं आणि तो विषय मिटला.

पावसाळ्यात जंगल सुंदर असतं, मला स्वतःला तेव्हाच जास्त आवडतं. पण शेवाळलेली वाट, ओले मोजे, अंगाला चिकटणारा रेनकोट, सगळं एकदम येतं. ज्या मुलाला ओल्या कपड्याचा स्पर्श सहन होत नाही त्याला पहिल्या भेटीला जुलैत नेऊ नका.

मुलाला कसं सांगायचं

आम्ही पुठ्ठ्याच्या पट्टीवर सहा फोटो लावतो: आपलं दार, मेट्रो, उद्यानाचं फाटक, बाक, डबा, परत आपलं दार. फोटो इंटरनेटवरचे नाहीत, मी त्या पहिल्या फेरीत काढलेले. मागे वेल्क्रो लावलेलं आहे. एक गोष्ट झाली की तो फोटो काढून छोट्या पाकिटात टाकतो. शेवटचा फोटो घराच्या दाराचा असणं फार महत्त्वाचं आहे. परत जायचं आहे हे त्याला निघतानाच दिसत असतं, त्यामुळे निघायच्या वेळी भांडण होत नाही.

एक नियम मी खूप उशिरा शिकले. ज्या गोष्टीची खात्री नाही तिचा फोटो पट्टीवर लावायचा नाही. वनराणी ही छोटी गाडी, बोट, सफारी, यांतलं काहीही देखभालीसाठी किंवा हवामानामुळे बंद असू शकतं. फोटो दाखवला आणि गाडी नसली, तर ते आपण दिलेला शब्द मोडल्यासारखं होतं. तिथे पोचल्यावर चालू दिसली तर खिशातला जादा फोटो काढून पट्टीवर लावावा. आनंदाची भर घालणं सोपं असतं, कबूल केलेलं काढून घेणं अवघड.

किती दिवस आधी सांगायचं हे मुलावर अवलंबून आहे. माझा मुलगा आठवडाभर आधी सांगितलं तर झोपत नाही, म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी सांगतो. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला कॅलेंडरवर दहा दिवस खाडाखोड करत यावं लागतं.

पिशवीत काय

पाणी, नेहमीचा डबा, जादा कपड्यांचे दोन जोड, कानांवर लावायचे हेडफोन, चावायचं खेळणं, डास पळवणारं मलम (आधी घरी हातावर लावून बघा, वास चालतो का, पुरळ येत नाही ना), औषधं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आणि त्याची प्रत. उद्यानात प्लास्टिक नेऊ देत नाहीत, त्यामुळे खाऊ स्टीलच्या डब्यात आणि बाटलीही स्टीलची. फाटकावर पिशवी तपासताना कुणीतरी त्याची आवडती बाटली हातातून घेणं हा प्रसंग टाळलेलाच बरा.

खाण्याबद्दल एक इशारा. माकडं. एका थंड हवेच्या ठिकाणी माझ्या मुलाच्या हातातला चुरमुऱ्यांचा पुडा माकडाने ओढून नेला. ओरखडासुद्धा उठला नव्हता, पण पुढचे चार महिने तो झाडाखाली थांबायला तयार नव्हता. उद्यानातही माकडं आहेत आणि पिशवीची चेन उघडल्याचा आवाज त्यांना कळतो. खाणं आत जाण्याआधी किंवा बाहेर आल्यावर उरकावं. डबा उघडावाच लागला तर दोन मोठ्यांनी दोन बाजूंना उभं राहावं आणि डबा लगेच बंद करावा. माकडांना खायला घालू नका, आणि शेजारचं कुणी घालत असेल तर तिथून उठा.

मोठ्या मुलाचं डायपर बदलायचं असेल तर त्याची सोय आपणच करून न्यावी लागते. घडीची चटई, दोन जुन्या सुती साड्या, चार चिमटे. एक साडी खाली, दुसरीचा आडोसा. स्वतःची गाडी असेल तर मागची सीट पाडून. दहा वर्षांच्या मुलीला उघड्यावर बदलावं लागू नये, यासाठी हा एवढा पसारा उचलून नेण्यासारखा आहे.

जायचं कसं

मेट्रो 7 चं राष्ट्रीय उद्यान नावाचं स्थानक आहे. लिफ्ट आहे, डब्यात पायरी चढावी लागत नाही, गाडी वातानुकूलित, आणि प्रत्येक स्थानकाची घोषणा ठरलेल्या शब्दांत होते. माझा मुलगा ती घोषणा पुटपुटत जातो, त्याचा अर्धा ताण तिथेच उतरतो. लोकलने येणार असाल तर दिव्यांग डब्यात मुलासोबत एका मोठ्याला बसता येतं. बोरिवलीला पूर्वेला उतरा आणि पुढे रिक्षा करा. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर गाडी कुठवर नेता येते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

दोन मोठी माणसं हवीतच. एकाने तिकिटाच्या रांगेत राहायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाजूला सावलीत थांबायचं. भावंडं सोबत असतील तर तिसरं माणूस घ्या, फक्त त्यांच्यासाठी. माझ्या धाकटीने एकदा विचारलं होतं, "आई, आपण नेहमी दादा दमला की घरी का येतो?" त्यानंतर मावशी आमच्यासोबत यायला लागली. दादा परत निघतो, त्या दोघी फुलपाखरू उद्यानात थांबतात.

आत गेल्यावर पहिली चाळीस मिनिटं

पहिल्या भेटीत चाळीस मिनिटांच्या वर थांबू नका. सगळं छान चाललं असेल तरीसुद्धा. विशेषतः छान चाललं असेल तेव्हा. मूल हसत असताना बाहेर पडलं तर पुढच्या वेळी फाटकाचा फोटो बघून ते स्वतः चपला घालतं. ताणून ताणून रडारडीवर संपवलं तर शरीर तेवढंच लक्षात ठेवतं.

फाटकातून आत शिरल्याबरोबर मुलाचा एक फोटो काढा, डोक्यापासून पायापर्यंत, त्या दिवशीच्या कपड्यांत. हरवलंच तर "निळा टीशर्ट होता की हिरवा" यात मिनिटं जात नाहीत. कपडे भडक रंगाचे, नारिंगी किंवा पिवळे. हिरवा आणि खाकी जंगलात दिसत नाही. मनगटाच्या पट्टीवर आतल्या बाजूने दोन फोन नंबर लिहा. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसामागे आपली मुलं सहज जातात.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. बऱ्याच स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि हरवलेल्या स्वमग्न मुलांच्या मृत्यूंमागे बुडणं हे मोठं कारण आहे. उद्यानातून दहिसर नदी वाहते, बोटिंगचं तळं आहे. मूल दिसेनासं झालं तर हाका मारत मागे फिरू नका. एकाने लगेच पाण्याकडे धावायचं, दुसऱ्याने जवळच्या वनरक्षकाला फोटो दाखवायचा. कुणी कुठे धावायचं हे घरूनच ठरवून निघा. फोनमध्ये आणीबाणीचा 112 आणि वनविभागाचा 1926 हे दोन्ही क्रमांक साठवलेले असू द्या. या जंगलात बिबटे आहेत, त्यामुळे आडवाटेला, झुडपांत आणि संध्याकाळी थांबायचं नाही. पण दिवसाच्या वेळी मला बिबट्यापेक्षा पाण्याची भीती कितीतरी जास्त वाटते.

फिट येणाऱ्या मुलांच्या आयांसाठी: दाट झाडांतून चालताना किंवा गाडीतून जाताना ऊन-सावली डोळ्यांवर भराभर उघडझाप करते, आणि काही मुलांना त्यानेच आकडी येते. रुंद कडेची टोपी आणि गडद चष्मा घालून बघा. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो पिशवीच्या तळाशी नको, कमरेच्या पाकिटात हवा, आणि सोबतच्या दुसऱ्या माणसाला तो वापरता आला पाहिजे.

हाताला काय लागतं

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण पिंजऱ्यातल्या वाघापेक्षा जास्त काही या झाडांनी माझ्या मुलाला दिलं.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, चौकोनी खवल्यांची. माझा मुलगा एकेका भेगेतून बोट फिरवतो, वरून खाली, मग पुढची भेग. त्या दहा मिनिटांत तो मान वर करत नाही, हात फडफडवत नाही, श्वास संथ होतो. न दिसणाऱ्या मुलाला झाड ओळखायला शिकवायचं असेल तर ऐनापासून सुरुवात करा. मग काटेसावर दाखवा, तिच्या बुंध्यावर जाड शंकूसारखे काटे असतात. त्याचं बोट तुमच्या बोटावर ठेवून सावकाश न्या. सागाचं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत. खाली गळलेलं कोवळं लालसर पान मिळालं तर तळहातावर चोळा. हात लाल होतो. पहिल्यांदा ते बघून माझा मुलगा माझ्याकडे आला, माझा तळहात उलटा केला आणि त्यावर स्वतःचा हात चोळला. त्याआधी त्याने आपणहून मला काही दाखवलं नव्हतं. झाडावरची पानं मात्र तोडू नका, खाली पुरेशी असतात.

तांबट पक्ष्याचं टुक-टुक-टुक ऐकू आलं तर त्याच तालावर मांडीवर थापा मारा. न बोलणारी मुलंही यात सामील होतात.

बिनसायला लागलं तर

प्रत्येक मुलाची एक खूण असते, रडण्याच्या बरीच आधीची. माझा मुलगा शर्टाची कॉलर तोंडात घेतो. ती खूण दिसली की आम्ही काही विचारत नाही, समजावत नाही, पट्टीवरचे मधले फोटो काढतो आणि घराच्या दाराचा फोटो समोर धरतो. त्या क्षणी "अजून पाच मिनिटं" म्हणणारं घरातलं माणूस ओळखून ठेवा आणि त्याला आधीच सांगून ठेवा.

तरीही मेल्टडाउन झालंच, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबाच सुटला, तर मुलाला उचलून ओढत नेऊ नका. डोक्याला लागेल असं काही असेल तर बाजूला करा, दोन हात अंतरावर खाली बसा, बोलणं बंद. दुसऱ्या मोठ्याने बघ्यांकडे तोंड करून उभं राहायचं. लोक वाईट नसतात, त्यांना कळत नसतं. "तो स्वमग्न आहे, आवाजाचा त्रास होतोय, जरा पुढे व्हा" एवढं पुरतं. मी हे कार्डावर छापून ठेवलं आहे, कारण त्या वेळी माझा स्वतःचा आवाज कापतो. एकदा काकड्या विकणाऱ्या एका आदिवासी बाईंनी काही न विचारता टोपली बाजूला ठेवली आणि आमच्या भोवती जमलेल्या पोरांना हाताने पुढे हाकललं. जाताना मुलाच्या शेजारी एक काकडी ठेवून गेल्या.

सफारी, बोट, कान्हेरी

हे तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून, आणि एका भेटीत एकच.

सफारीच्या बसला जाळ्या असतात आणि मध्ये उतरता येत नाही. म्हणून आधी घरी, साध्या बसमध्ये, वीस मिनिटं न उतरता बसण्याचा सराव करा. वाघ दिसेलच असं सांगू नका. "बसमध्ये बसायचं, झाडं बघायची" एवढंच सांगा. बोटीसाठी लाइफ जॅकेट लागतं. छातीवर आवळलेला पट्टा कित्येक मुलांना चालत नाही, तेव्हा जॅकेट मिळालं तर घरी टीव्ही बघताना घालून ठेवा. ते घातलं नाही तर बोट नाही, यात सूट देऊ नका.

कान्हेरी फाटकापासून सुमारे 6 किलोमीटर आत आहे. शंभराहून जास्त लेणी, पण आपल्याला तीन नंबरचं पुरे. ते वाटेच्या सुरुवातीलाच आहे. व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत आणि आत खांबांच्या दोन ओळींच्या पलीकडे स्तूप. आवाज घुमतो. काही मुलं तिथे एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत रमतात, काहींना तो घुमारा सोसत नाही. आधी व्हरांड्यात उभं राहून एकदा टाळी वाजवा आणि मुलाचा चेहरा बघा. पायऱ्या खडकातल्या, झिजलेल्या आणि कमी-जास्त उंचीच्या आहेत. व्हीलचेअर तिथे चढत नाही. तोल कमी असलेल्या मुलाला एका मोठ्याने पुढून आणि एकाने मागून न्यावं, उतरताना तर नक्कीच. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला सांधे ढिले असल्यामुळे उतार जास्त जड जातो, चढ नव्हे.

घरी आल्यावर

त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. थेरपी नाही, पाहुणे नाहीत, गृहपाठ नाही. आंघोळ, वरण-भात, पंखा, अंधारी खोली. केसांत, कानामागे, मोज्यांच्या कडेला गोचीड किंवा मुंग्या आहेत का ते आंघोळीच्या वेळीच बघून घ्या, कारण दुखतंय हे सगळी मुलं सांगू शकत नाहीत.

मग वहीत चार ओळी. तारीख, किती वाजता आत गेलो, खूण कधी दिसली, काय आवडलं. आमच्या वहीतली मागच्या मंगळवारची नोंद अशी आहे: "8.10 आत. बाक ओला होता, वर्तमानपत्र घालून बसला. ऐन, 14 मिनिटं. कॉलर 8.55. 9.05 बाहेर. फाटकापाशी थांबून मागे बघितलं. पुढच्या वेळी बाकासाठी जुनी चादर."